अक्कलदाढेचा कीबोर्ड

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी जुना कीबोर्ड आहे, हे काही लपवण्यासारखं नाही. माझा मूळचा दुधाळ रंग आता कोऱ्या चहासारखा झाला आहे. काही बटणांवरची अक्षरं बोटांनी झिजून झिजून पार गुळगुळीत झाली आहेत. पण मला भंगार म्हणाल तर मला राग येईल. माझ्या पोटात पोलादी पत्रा आहे आणि प्रत्येक बटणाखाली खरीखुरी स्प्रिंग आहे. आजकालच्या पापडासारख्या कीबोर्डांना ही चैन माहीतच नाही.

माझा जन्म जपानमधल्या नागानोच्या एका कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती प्रत्येक बटण दाबून कान देऊन ऐकायची. एखाद्याचा आवाज बोदा आला की ते बटण परत जायचं. माझी पाळी आली तेव्हा तिने डोकं हलवलं आणि मला खोक्यात ठेवलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

तिथून मी आलो हिदाच्या डोंगरात, ओसोगी खोऱ्यात. या खोऱ्यात एकच दातांचा दवाखाना होता आणि एकच दातांची डॉक्टर, उबुकाता कायोको. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत, हात मात्र पिसासारखा हलका. मला वाटलं, आता जन्मभर रोग्यांची नावं आणि किडलेल्या दाढा लिहीत बसायचं. सकाळभर झालंही तसंच. दुपारी दवाखाना बंद झाला, कायोकोबाईंनी हात धुतले, डब्यातल्या भाताच्या गोळ्याचा एक घास घेतला आणि संगणकात एक तबकडी सरकवली. पडद्यावर डोंगर उगवले, नद्या वाहू लागल्या, गडांवर निशाणं फडकली. खेळाचं नाव होतं 'शंभर गड'.

मित्रांनो, हा नुसता मारामारीचा खेळ नव्हता. त्यात भात पिकवायचा, शिबंदी पोसायची, शेजाऱ्याशी तह करायचा, हिवाळ्याआधी रसद भरायची आणि मग कुठे लढाईचा विचार करायचा. कायोकोबाई त्यात पट्टीच्या होत्या. त्यांची बोटं माझ्यावरून अशी फिरायची, की एका बटणावर सैन्य निघायचं आणि दुसऱ्यावर शत्रूची वाट बंद व्हायची. त्या बोटांचा माझ्यावर विश्वास होता. मी तो कधी मोडला नाही.

खेळण्यापेक्षाही त्यांना आवडायचं ते खेळावर मत देणं. दवाखान्यात तर त्यांना हक्काचे श्रोते मिळायचे. रोगी खुर्चीत, तोंड उघडं, तोंडात आरसा आणि नळी.

"आता तुम्हीच सांगा," कायोकोबाई विचारायच्या, "थंडीत वेढा घालणं शहाणपणाचं आहे का?"

"आं… आं…"

"बरोबर! मीही तेच म्हणते. वेढा घालणारेच आधी उपाशी मरतात."

बाहेर नोंदणीच्या खिडकीशी मिनेको बसायची. तिला हे सगळं पोरकट वाटायचं. ती दारातून डोकावून म्हणायची, "सेन्सेई, बाहेरचे आजोबा विचारताहेत, आज त्यांचा दात काढणार की गड घेणार?"

जे रोग्यांना सांगून उरायचं, ते कायोकोबाई माझ्याकरवी लिहायच्या. देशभरचे खेळाडू इंटरनेटवरच्या एका फळ्यावर आपापली मतं टाकायचे. तिथे बाईंनी टोपणनाव घेतलं होतं, अक्कलदाढ. अक्कलदाढेचं मत आलं की उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या बेटांपर्यंत लोक ते वाचायचे, कुणी हसायचे, कुणी दात ओठ खायचे. ते एकूण एक अक्षर माझ्या अंगावरून गेलेलं आहे. सांगा, मी ताठ मानेने का बोलू नये?

त्यांचा खेळातला जोडीदार होता तोकुजिरो. तो तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करून विकायचा. दोघं शाळेत एका वर्गात होते, त्यामुळे बाहेर मानाने 'सेन्सेई', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणणारा तोकुजिरो दार लागलं की 'अगं कायो' वर यायचा. दुपारी आपलं दुकान झाकून तो यायचा, येताना गरम तोफूचं भांडं आणायचा आणि दोघं एकाच संगणकावर आळीपाळीने खेळायचे. एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने खिडकीबाहेर बघायचं, असा करार होता. कायोकोबाई कुठल्या घाटात सैन्य दडवताहेत हे मला कळायचं आणि तोकुजिरो कुणाशी चोरून तह करतोय हेही कळायचं. दोघांचीही गुपितं माझ्या पोटात असायची. पण फितुरी माझ्या स्प्रिंगांत नाही.

एक दिवस तोकुजिरो नवी तबकडी नाचवत आला. 'शंभर गड'ची पहिली पुरवणी निघाली होती. मूळ खेळाला मागाहून जोडायचा तो नवा भाग. त्यात बंदुका आणि तोफा आल्या होत्या.

"टाक लवकर!" तो म्हणाला.

बाईंनी टाकली, खेळल्या, आणि तोंड वाकडं केलं. "पूर्वी गड घ्यायला डोकं लागायचं. आता नुसती दारू लागते."

"मला दोन्ही दारू चालतात," तोकुजिरो म्हणाला.

"हसू नकोस. मूळ दात शाबूत असताना त्यावर टोपी कशाला बसवायची?"

"आणि मी तुझ्यापुढे नुसता तोफू ठेवला, तर तूच पहिली ओरडशील, सोया सॉस कुठेय म्हणून!"

दुसरी पुरवणी आली ती जहाजांची. तेव्हा तर बाईंचा पारा छताला लागला. "ओसोगीच्या माणसाने जहाजं घेऊन काय करायचं? भाताच्या खाचरात सोडायची?"

"अगं, समुद्रावरून रसद येते. तुझ्या लोणच्यातलं मीठ काय आभाळातून पडतं?"

हे उत्तर बिनतोड होतं. बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फळ्यावर लांबलचक मत लिहिलं. ते मला अजून आठवतं. त्यांनी लिहिलं होतं की चांगला खेळ हा चांगल्या स्वयंपाकासारखा असतो, त्यात काय घातलंय यापेक्षा काय घातलं नाही हे बघावं. पहिल्या खेळात माणसाला चार गोष्टी हव्या असायच्या आणि हाती दोनच असायच्या, म्हणून तर विचार करावा लागायचा. पुरवणी सगळंच हातात देते आणि विचार काढून घेते. शेवटी त्यांनी लिहिलं, 'पुरवणी म्हणजे आळशी सुताराने खुर्चीला लावलेला पाचवा पाय. मी यापुढे एकही पुरवणी घेणार नाही.' हे वाक्य लिहिताना त्यांनी मला इतकं जोरात बडवलं की माझ्याखालचा कागद सरकला. हे वाक्य खूप गाजलं. लोक ते जागोजागी म्हणू लागले. मी तर फुगून दुप्पट झालो होतो.

पण मित्रांनो, गाजलेलं वाक्य पुढे आडवं येतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्या सुमारास ओसोगी गाव शेजारच्या शहरात विलीन झालं. गावाच्या कचेरीवरची पाटी उतरली. बसवरचं नाव बदललं. टपालाच्या शिक्क्यातूनही ओसोगी गेलं. गाव जागच्या जागी होतं, माणसं तीच होती, फक्त नाव निघून गेलं. म्हातारी माणसं दवाखान्यात पत्ता सांगताना अडखळायची, आणि मिनेको जुनंच नाव लिहायची. खोऱ्याच्या माथ्यावर हिगाकी नावाच्या सरदाराचा छोटा गड होता. आता तिथे गवतात चार दगड उरलेत. 'शंभर गड'च्या नकाशावर तर तेवढेही नव्हते. तिथे नुसती हिरवी झाडं रंगवलेली होती आणि मोठ्या सरदारांची सैन्यं त्या झाडांवरून खुशाल चालत जायची.

अशात खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, तिसरी पुरवणी येतेय, तिचं नाव 'विसरलेले गड'. खेळाडूंनी आपापल्या भागातल्या गडाची बाजू मांडावी, ज्यांची बाजू पटेल ते गड नकाशावर येतील.

तोकुजिरो ओल्या एप्रनसकट धावत आला. "कायो, लिही! आपला गड! तुझ्याइतकं चांगलं कुणाला लिहिता येतं?"

बाईंनी मला बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "मी पुरवणीसाठी हात पसरू? मी? सगळा देश हसेल मला."

"हसू दे."

"तुला काय जातंय म्हणायला! पाचवा पाय म्हणणारी बाई आता म्हणणार, मलाही एक पाय द्या?"

तोकुजिरोचा चेहरा उतरला. "गाव गेलं, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही. आज विचारताहेत. आणि तुला तुझ्या वाक्याची पडलीय. गडापेक्षा तुझी जीभ मोठी का गं?"

"नीघ इथून," बाई म्हणाल्या.

तो निघाला. दुसऱ्या दिवशी आला नाही, त्यानंतरही नाही. दुपारी बाई एकट्याच खेळायला बसायच्या. एक-दोन खेळ्या करायच्या आणि सवयीने खिडकीकडे बघायच्या. माझ्यावर त्यांची बोटं नुसती टेकलेली असायची. मित्रांनो, बटण न दाबता टेकलेलं बोट फार जड लागतं.

गडाची बाजू पाठवायची मुदत संपत आली होती. तेवढ्यात एका सकाळी मिनेकोने आत येऊन सांगितलं, "सेन्सेई, तोफूवाले आलेत. गाल भोपळ्यासारखा सुजलाय. दवाखाना दुसरीकडे नाही म्हणून आलोय, असं सांगायला सांगितलंय."

तोकुजिरो खुर्चीत बसला. माझी खोली लागूनच होती आणि दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. बाईंनी त्याला भुलीचं इंजेक्शन दिलं, तोंडात नळी अडकवली आणि कामाला लागल्या. यंत्र घरघरू लागलं. मग बाई हळू आवाजात बोलू लागल्या.

"तोंड उघडं ठेव. आणि मधे बोलू नकोस, तसंही तुला बोलता येणार नाही. काल मी वर गडावर जाऊन आले. गवत कमरेएवढं झालंय. लहानपणी तू तिथे सरदार व्हायचास आणि मला नेहमी भात शिजवायला बसवायचास, आठवतंय?"

"आं…"

"तेव्हाही मला राग यायचा. पण खरं सांगू? हिगाकीने आयुष्यभर भातच सांभाळला. तीन मोठी सैन्यं इथून गेली. त्याने लढाई केली नाही, सगळ्यांना पाणी दिलं, वाट दिली, आणि धान्य मात्र डोंगरात लपवलं. म्हणून तू आहेस, मी आहे. असला माणूस त्या खेळात नाही. सगळे आपले वाघ आणि सिंह. मूळ खेळात हे भोक आहे रे. आणि भोक असेल तर ते भरावं लागतं, एवढं तरी मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे."

"आं! आं!"

"हलू नकोस! लिहिणार आहे मी. हसणारे हसोत."

तोकुजिरोच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिनेको घाबरून म्हणाली, "अहो, फार दुखतंय का?" त्याने हाताने नाही अशी खूण केली.

त्याच दुपारी कायोकोबाई माझ्यासमोर बसल्या. मी पुष्कळ लढाया पाहिल्या, पण ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. त्यांनी टोपणनाव लपवलं नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं, 'मी अक्कलदाढ. तुमच्या पुरवण्यांना मी पाचवा पाय म्हटलं होतं. आधीच्या दोन्हींना आजही म्हणते. तोफांच्या पुरवणीने खेळ सोपा केला, जहाजांच्या पुरवणीने खेळ पसरट केला. पण जो माणूस जमिनीवर होता आणि नकाशावर नव्हता, त्याला जागा करून देणारी पुरवणी मूळ खेळाला पुरं करते. आमचा हिगाकी शूर नव्हता. त्याला उगाच शूर करू नका. त्याचं शौर्य कमी ठेवा, सैन्य कमी ठेवा, फक्त तग धरण्याची ताकद भरपूर द्या. तुमच्या खेळात जिंकायचं कसं हे सगळे शिकतात. टिकायचं कसं, हे आमच्या गडावरून शिकवता येईल.'

एकही अक्षर अडकू नये म्हणून मी जिवाचं रान केलं. एकही अडकलं नाही.

फळ्यावर हे पसरलं आणि नको ते झालंच. 'अक्कलदाढ उपटली!' कुणीतरी लिहिलं. 'दाढ पडली की अक्कल येते म्हणतात, ते खरं दिसतं,' दुसऱ्याने लिहिलं. तोकुजिरो बाजूला बसून वाचत होता, सुजलेल्या गालाने फुरफुरत होता. "सरक, मी देतो यांना उत्तर!"

"बस खाली," बाई म्हणाल्या. "मी आजवर लोकांना कमी टोचलंय का? जरा मलाही टोचू दे." आणि त्यांनी शेवटी एकच ओळ लिहिली, 'दाढ काढताना दुखतं, पण मग जेवण गोड लागतं.' त्या ओळीवर हसणारेच टाळ्या देऊ लागले.

बर्फ पडलं, वितळलं, डोंगर हिरवे झाले, आणि 'विसरलेले गड' ही पुरवणी आली. तो दिवस गुरुवारचा होता, दवाखान्याच्या सुट्टीचा. तरी बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मिसो म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी पानावर भाजून, लोणची, तोफू, जो तो काहीतरी घेऊन आला होता. मला आणि संगणकाला उचलून सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवलं. पडदा उजळला. तोकुजिरोने बोट पुढे केलं. जिथे नुसती झाडं होती तिथे एक इवलासा गड होता आणि खाली लिहिलं होतं, ओसोगी.

 एक म्हातारी पुढे आली आणि तिने पडद्यावरच्या त्या अक्षरांना वाकून नमस्कार केला.

मग तोकुजिरोने सरदाराची माहिती उघडली आणि किंचाळला, "शौर्य एवढंसं? यापेक्षा माझी मांजर शूर आहे!"

"मीच सांगितलं होतं तसं," बाई म्हणाल्या. "खेळून बघ आधी."

खेळ सुरू झाला. उत्तरेकडून मोठं सैन्य येऊ लागलं. गर्दीत कुणी म्हणे लढा, कुणी म्हणे पळा. बटणांवर चारचार हात येऊ लागले. तेव्हा मागून मिनेकोचा आवाज आला. आजवर तिने या खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"अहो, काय गोंधळ लावलाय? घरी आगंतुक पाहुणे आले तर काय करता? चहा द्या, वाट दाखवा, आणि चांगली भांडी आधी कपाटात ठेवा!"

सगळे हसले. बाईंनी उठून तिला खुर्ची दिली. "मिनेको-सान, बसा. तुम्हीच चालवा."

मिनेको बिचकत बसली. आधी धान्य डोंगरात हलवायचा हुकूम, मग पाण्याचा, मग वाट देण्याचा तह. एकेक बटण ती विस्तव असल्यासारखं दाबत होती. मोठं सैन्य आलं, गडाखालून गेलं, आणि पुढच्या खोऱ्यात लढून संपलं. ओसोगीचं निशाण तसंच फडकत राहिलं. खोलीत असा गलका झाला की छतावरचे कावळे उडाले. तोकुजिरोने आनंदाने हात उडवला आणि सोया सॉसची बाटली माझ्यावर लवंडली.

दोष कुणाला देऊ? तो दिवसच तसा होता. पण त्या सॉसने माझी खालची ओळ चिकटली. पुढे नवा संगणक आला, त्याच्याबरोबर चपटा कीबोर्ड आला, आणि मी फळीवर गेलो, दातांच्या जुन्या साच्यांच्या शेजारी. त्या प्लास्टरच्या जबड्यांना बोलता येत नाही. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्याने माझ्या कोपऱ्यात घर केलं. पलीकडून हसणं ऐकू यायचं, नव्या बटणांची टिकटिक ऐकू यायची. मला वाईट वाटायचं, नाही म्हणत नाही. पण ओसोगी हे नाव नकाशावर मी चढवलं, हे मी त्या जबड्यांना रोज सांगायचो.

एका पावसाळी दुपारी फळी आवरताना कायोकोबाईंनी मला खाली घेतलं. एक बटण दाबलं. ते चिकटलेलं होतं. त्या "अरेरे" म्हणाल्या आणि मला थेट रोग्याच्या खुर्चीत ठेवलं. वरचा दिवा लावला. बारीक आकडीने एकेक बटण उपसलं, ब्रशने सॉसचं कीटण काढलं, हवेच्या नळीने धूळ उडवली. मिनेको बघत म्हणाली, "सेन्सेई, याला चूळ भरायला पेला देऊ का?"

मित्रांनो, त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. बिघडलेली वस्तू टाकण्याआधी एकदा उघडून बघा. पुष्कळदा ती मेलेली नसते, नुसती मळलेली असते. नवं जरूर आणा, पण नवं आणलं म्हणून जुन्याला अंधारात लोटू नका. वापरून झालं की आमच्यावर एखादं फडकं टाका, आमच्या डोक्यावर सॉस ठेवू नका, आणि महिन्याकाठी पाठ थोपटून धूळ झटका. एवढ्यावर आम्ही तुमची उभी हयात चाकरी करू.

आता मला बोलता येणार नाही. बाई हात पुसत येताहेत. चौथी पुरवणी आली आहे, आणि तोकुजिरो दारातूनच विचारतोय, "कशी आहे गं?" बाई खुर्ची पुढे ओढतात आणि बोटं मोडतात. त्यांचं मत देशात सगळ्यांत आधी मलाच कळणार आहे.